राष्ट्रस्वभाव आणि वैमानिकाची खुर्ची

देगलूर हे तीन भाषांच्या शिवेवरचे गाव. लेंडीच्या काठी आपण मराठी बोलतो. मदनूरच्या वाटेला लागले की तेलुगू कानी पडू लागते आणि औरादच्या बाजूला वळले की कानडी. अशा गावात शेजाऱ्यांविषयीची मते फार स्वस्त असतात. आठवडी बाजाराच्या दिवशी चार माणसे चहाला बसली की तेलंगी माणूस असा, कानडी माणूस तसा, हा निकाल दोन घोटांत लागतो. तिकडे मदनूरच्या बाजारात आपल्याविषयीही असाच निकाल लागत असेल, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा बोलण्याने फार मोठे नुकसान होत नाही असे आपण समजतो. एखादी सोयरीक फिसकटते, एखादा व्यवहार मोडतो, येवढेच.

परंतु हीच सवय विमानाच्या नाकाशी असलेल्या त्या चिमुकल्या खोलीत शिरली तर काय होते, याचा विचार आज आम्हाला आपणांपुढे मांडायचा आहे. या खोलीला कॉकपिट म्हणतात. देगलूरच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, विमान ही आता आपल्याकडेही केवळ मान वर करून पाहण्याची वस्तू राहिलेली नाही. नांदेडला विमानतळ आहे. हैदराबाद तर आपल्याला जवळच. आपल्या तालुक्यातील कोणाचा मुलगा आखातात कामाला असतो, कोणाची लेक परदेशी नांदते. ती माणसे ज्या दोघांच्या हाती जीव देऊन बसतात, ते दोघे एकमेकांशी कसे बोलतात हे समजून घेणे आपल्याला परके नाही.

प्रथम त्या खोलीची व्यवस्था पाहू. तिथे दोन खुर्च्या असतात. डावीकडे कप्तान, उजवीकडे सहवैमानिक. पुष्कळांची अशी समजूत असते की, मोटारीवर जसा ड्रायव्हर आणि क्लीनर असतो तसे हे दोघे असावेत. ही समजूत चुकीची आहे. सहवैमानिक हा परवानाधारक, शिकलेला वैमानिकच असतो, आणि कित्येक फेऱ्यांत प्रत्यक्ष विमान तोच चालवतो. एकाने चालवायचे आणि दुसऱ्याने त्याच्यावर नजर ठेवायची, अशी ही वाटणी आहे. उंची, वेग, इंधन, समोरची धावपट्टी यांत काही बिघडते आहे असे दिसले की नजर ठेवणाऱ्याने ते तोंडाने बोलून दाखवायचे. माणूस म्हटला की तो चुकणार. एकाची चूक दुसऱ्याने वेळेवर पकडावी म्हणून दुसरी खुर्ची ठेवली आहे. दुसऱ्या खुर्चीतला माणूस गप्प बसला तर ती खुर्ची रिकामीच आहे असे समजावे.

आणि नेमकी अडचण इथेच येते. कप्तान बहुधा वयाने मोठा, अनुभवाने मोठा, हुद्द्याने मोठा. त्याला ‘आपण चुकत आहात’ असे धाकट्याने सांगायचे! आपल्या भाषेत याला लहान तोंडी मोठा घास म्हणतात, आणि तो घेऊ नये असेच आपण लहानपणापासून शिकतो. म्हणून प्रश्न निघतो : असा घास काही देशांचे लोक सहज घेतात आणि काही देशांचे लोक घेऊ शकत नाहीत, असे आहे काय? विमानाची सुरक्षितता वैमानिकाच्या राष्ट्रस्वभावावर ठरते काय? वैमानिकांच्या जगातही बाजारातल्यासारखे निकाल फिरत असतात. अमक्या देशाचा कप्तान हेकट, तमक्या देशाचा सहवैमानिक मुका, अमके शिस्तीचे, तमके बेफिकीर. याची शहानिशा दोन भारतीय अपघातांवरून चांगली करता येते.

२००० सालानंतर आपल्या देशात विमान कंपन्या झपाट्याने वाढल्या आणि कप्तान अपुरे पडू लागले. तेव्हा परदेशी कप्तान आणून भारतीय सहवैमानिकांच्या शेजारी बसवण्याची पद्धत पडली. २२ मे २०१० रोजी पहाटे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान दुबईहून मंगळूरला येत होते. कप्तान झ्लात्को ग्लुशिका हे सर्बियाचे. दहा हजार तासांहून अधिक उड्डाणाचा त्यांचा अनुभव. सहवैमानिक भारतीय, तोही नवखा नव्हे, तीन हजार तासांहून अधिक उडालेला. कॉकपिटातील संभाषण टिपून ठेवणारे यंत्र पुढे मिळाले, त्यात कप्तान वाटेत बराच वेळ गाढ झोपल्याचे घोरण्यावरून आढळले. विमान उतरू लागले तेव्हा ते असावे त्याहून पुष्कळ उंच आणि वेगात होते. अशा वेळी उतरणे सोडून पुन्हा वर जायचे आणि फेरा घालून नव्याने यायचे, हा नियम. इंग्रजीत त्या आज्ञेला ‘गो अराउंड’ म्हणतात. सहवैमानिकाने तसे एकदा नव्हे, तीनदा सांगितले. यंत्रेही इशारे देत होती. कप्तानांनी उतरणे चालू ठेवले. ८,०३३ फूट लांबीच्या धावपट्टीवर विमान सुमारे ५,२०० फूट पुढे जाऊन टेकले, आणि टेकडीच्या माथ्यावर सपाट केलेल्या त्या विमानतळावरून खाली दरीत गेले. १६६ माणसांपैकी १५८ दगावली.

या अपघाताची न्यायालयीन स्वरूपाची चौकशी ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाली ते एअर मार्शल भूषण गोखले हे आपले मराठी गृहस्थ. हवाई दलाचे उपप्रमुख म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या अहवालाकडे आपण पुढे पुन्हा येऊ. बाहेर लोकांत मात्र दोन निकाल लगेच लागू शकत होते. परदेशी कप्तान हेकट, हा एक. आणि आपला माणूस गोऱ्यापुढे तोंड उघडत नाही, हा दुसरा. दुसरा निकाल तर उघडच खोटा होता. सहवैमानिकाने तोंड उघडले होते, तीनदा उघडले होते. पहिला निकाल खरा की खोटा हे ठरायला दहा वर्षे जावी लागली.

७ ऑगस्ट २०२०. कोरोनाच्या साथीत परदेशी अडकलेल्या लोकांना आणण्यासाठी गेलेले त्याच कंपनीचे विमान दुबईहून कोळिकोडला येत होते. कोळिकोडचा विमानतळही तसाच, डोंगरमाथ्यावरचा. या वेळी दोन्ही खुर्च्यांत आपलीच माणसे होती. कप्तान दीपक वसंत साठे हे मराठी. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले, हवाई दलात विंग कमांडर झालेले, मानाची तलवार मिळवलेले, दहा हजार तासांहून अधिक अनुभवी. सहवैमानिक तरुण, सुमारे दोन हजार तासांचा. मुसळधार पाऊस होता. पहिला प्रयत्न सोडून विमान वर गेले आणि दुसऱ्या बाजूने उतरू लागले. त्या बाजूला वारा पाठीमागून होता. धावपट्टी ८,८५८ फुटांची; विमान टेकले ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी पट्टी मागे पडल्यावर. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले होते. विमान पुढे खड्ड्यात पडून त्याचे तुकडे झाले. १९० माणसांपैकी २१ गेली. त्यांत हे दोघे वैमानिकही होते.

मृतांविषयी बोलताना जीभ सांभाळावी, हे आम्ही जाणतो. साठे यांच्या कर्तबगारीविषयी कोणाला शंका नाही. २०२१ मध्ये जो चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला त्यात कारणे अनेक सांगितली आहेत. कप्तानांच्या बाजूच्या काचेवरील पाणी पुसणारा दांडा बंद पडला होता. कोळिकोडला कप्तान पुरेसे ठेवलेले नव्हते आणि दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी याच कप्तानांना न्यायची होती, त्यामुळे तेथेच उतरण्याकडे त्यांचा ओढा होता. परंतु त्याच अहवालात असेही स्पष्ट म्हटले आहे की, दोघांच्या अधिकारातील चढ फार उभा होता, आणि संकट पूर्ण कळत असूनही सहवैमानिकाने विमान स्वतःच्या हाती घेतले नाही.

आता हे दोन अपघात शेजारी शेजारी ठेवून पाहा. एका ठिकाणी सर्बियन कप्तान, दुसऱ्या ठिकाणी मराठी. एका ठिकाणी परका आणि आपला अशी जोडी, दुसऱ्या ठिकाणी दोघेही आपले. घडले मात्र अक्षरशः तेच : वडील माणूस पुढे जात राहिला, धाकट्याने तोंडाने सांगितले, ऐकले गेले नाही, आणि धाकट्याचा हात पुढे झाला नाही. देश बदलला, घटना बदलली नाही. मग दोष देशाचा कसा म्हणावा?

कोणी म्हणेल, ही दोन्ही उदाहरणे आपल्याच भूमीवरची. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे नमण्याची रीतच आहे. या शंकेलाही आधार आहे. हॉफस्टेड नावाच्या डच प्राध्यापकाने एका मोठ्या कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील नोकरांची मते १९६७ ते १९७३ या काळात गोळा करून वरिष्ठ-कनिष्ठांतील अंतर मोजण्याची एक पट्टी तयार केली. त्या पट्टीवर भारत ७७, दक्षिण कोरिया ६०, अमेरिका ४० आणि खुद्द हॉलंड ३८. म्हणजे डच माणूस साहेबापुढे फारसा दबत नाही, असा या आकड्यांचा अर्थ. आता २७ मार्च १९७७ चा दिवस पाहा. स्पेनच्या ताब्यातील टेनेरिफ बेटावर दाट धुके होते. धावपट्टीवर एक अमेरिकन विमान अजून चालत होते, आणि त्याच पट्टीवर एका डच विमानाने उडण्यासाठी धाव घेतली. डच कप्तान वान झान्टेन हे आपल्या कंपनीतील नामांकित शिक्षक होते; शेजारच्या सहवैमानिकाची परीक्षाही त्यांनीच घेतलेली. मागे बसलेल्या अभियंत्याला संशय आला. ते अमेरिकन विमान पट्टीवरून बाजूला झाले नाही का, असे त्याने विचारले. झाले आहे, असे कप्तानांनी ठासून सांगितले. अभियंता गप्प बसला. दोन्ही विमाने आदळली आणि ५८३ माणसे मेली. विमानांच्या इतिहासात एका अपघातात येवढी माणसे दुसऱ्या कधीही मेलेली नाहीत. पट्टीवर ३८ गुण मिळवणाऱ्या देशाच्या कॉकपिटात हे घडले.

अमेरिकेचेही तेच. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टन येथे बर्फ पडत असताना एक विमान उडाले. इंजिनाचा काटा दाखवतो आहे ते बरोबर नाही, असे सहवैमानिक धावपट्टीवरच पुन्हा पुन्हा म्हणत होता. पण ‘थांबवा’ असा शब्द त्याने उच्चारला नाही. विमान नदीवरील पुलाला धडकले आणि ७८ माणसे प्राणास मुकली. दोघेही अमेरिकन, दोघांची भाषा एक. पुढे अमेरिकन वैमानिकांच्या बोलण्याचा अभ्यास झाला तेव्हा असे दिसले की, तेथेही कप्तान आज्ञा करतो आणि सहवैमानिक बहुधा नुसते सुचवतो. ‘साहेब, पाऊस जरा जास्तच दिसतो, नाही?’ हे वाक्य आपल्या तहसील कचेरीत जसे जन्मते तसे ते जगातल्या कोणत्याही कॉकपिटात जन्मते. सांगणारा धोका सांगत असतो. ऐकणाऱ्याला वाटते, हवापाण्याच्या गप्पा चालल्या आहेत.

याचा अर्थ देशोदेशींच्या रीतींत काहीच फरक नाही, असे मात्र आम्हाला म्हणायचे नाही. फरक आहे. मराठीत तर ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांपैकी एक निवडल्याखेरीज वाक्यच पुरे होत नाही. ‘आपण’ म्हटल्यावर पुढे ‘थांबा’ म्हणणे जड जाते. कोरियन भाषेतही मानाच्या अशाच पायऱ्या आहेत. परकी भाषा अर्धवट येणे हीदेखील खरी अडचण आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमाने हवेत एकमेकांवर आदळून ३४९ माणसे मेली, तेव्हा कझाक चालकांचे इंग्रजी अपुरे पडल्याचे दिसून आले. पुढे आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकांना इंग्रजीची ठराविक पातळी गाठणे जगभर आवश्यक झाले. पण पाहा, इथे उपाय कशावर झाला? कझाक स्वभावावर नव्हे, भाषेच्या परीक्षेवर. स्वभावाला औषध नसते असे म्हणून आपण हात झटकतो. अपुऱ्या शिक्षणाला मात्र औषध असते.

सरासरी ही एक उपयोगी वस्तू आहे, पण ती विमान चालवत नाही. जिल्ह्याचा सरासरी पाऊस चांगला झाला म्हणून आपल्या शेतातली विहीर भरतेच असे नाही. तसेच भारताचे गुण ७७ म्हणून उजव्या खुर्चीतला हा मुलगा बोलणारच नाही असे ठरत नाही, आणि हॉलंडचे ३८ म्हणून तो अभियंता बोलेलच असेही ठरले नाही.

मग उपाय काय निघाला? तो निघाला अमेरिकेत, आणि तोही स्वतःच्या चुकीतून. २८ डिसेंबर १९७८ रोजी पोर्टलंड शहरावर एक विमान चाकांचा बिघाड शोधत घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आले आहे हे कप्तानाच्या दोघा सहकाऱ्यांना कळत होते. त्यांनी ते हळूच सुचवलेही. पण कप्तानाचे लक्ष चाकांवर होते. इंधन संपले, विमान पडले, दहा माणसे गेली. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेच्या नासा या संस्थेने या प्रश्नावर तज्ज्ञांची बैठक भरवली, आणि १९८१ पासून त्या विमान कंपनीने आपल्या वैमानिकांना एक नवे शिक्षण देण्यास आरंभ केला. आज ते ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावाने सर्वत्र दिले जाते. नाव अवजड असले तरी आशय सोपा आहे : कॉकपिटात जितकी डोकी आहेत ती सगळी वापरा. कप्तानाने विचारायला शिकावे आणि सहवैमानिकाने सांगायला शिकावे. सांगायचे कसे, तेही शिकवतात. नाव घेऊन हाक मारा. काय बिघडले ते सरळ सांगा. काय करावे ते सांगा. आणि होकार मिळेपर्यंत सोडू नका. दोनदा सांगून उत्तर आले नाही तर विमान हाती घ्या.

या शिक्षणाचे फळ १९ जुलै १९८९ रोजी दिसले. त्याच कंपनीच्या एका विमानाची सुकाणू फिरवणारी सगळी यंत्रणा हवेत निकामी झाली. कप्तान अल हेन्स यांनी आपल्या माणसांना मनमोकळे बोलू दिले. प्रवासी म्हणून बसलेल्या एका शिक्षक-वैमानिकालाही मदतीला आत घेतले. विमान आयोवा राज्यातील सू सिटी येथे आदळलेच, पण जिथे एकही वाचायचा नाही तिथे २९६ पैकी १८४ वाचले. पुढे हेन्स यांनी त्याचे श्रेय या शिक्षणालाच दिले.

आणि कोरियाचे उदाहरण तर राष्ट्रस्वभावाच्या सिद्धान्ताला चांगलेच उत्तर देते. ६ ऑगस्ट १९९७ रोजी कोरियन एअरचे विमान ग्वाम बेटावर डोंगराला धडकून २२८ माणसे मेली. कोरियन माणूस वरिष्ठापुढे बोलतच नाही, म्हणून ही विमाने पडतात, असे जगभर बोलले आणि लिहिले गेले. कंपनीने २००० साली बाहेरून जाणकार आणले, शिक्षण बदलले, कॉकपिटात इंग्रजीवर भर दिला. १९९९ च्या डिसेंबरनंतर त्या कंपनीच्या विमानाला प्राणहानीचा अपघात झालेला नाही. दोनचार वर्षांत एखाद्या राष्ट्राचा स्वभाव बदलत नसतो. बदलली ती खोलीतली रीत.

आता गोखले यांच्या अहवालाकडे परत येऊ. सहवैमानिकाने तीनदा सांगूनही विमान स्वतः वर का नेले नाही, याचे जे संभाव्य कारण अहवालात नोंदले आहे ते फार मोलाचे आहे. सहवैमानिकाला असा अधिकार आहे की नाही, याविषयीच्या निरनिराळ्या सूचनांत संदिग्धता होती. म्हणजे त्या तरुणाचा भित्रेपणा नव्हे, भारतीयपणा नव्हे. अधिकार कोणाचा हे कागदावरच धूसर होते! मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला नियमाचा अर्थ लावत बसायला वेळ कुठला?

याची तुलना आपल्या एस.टी.शी करून पाहावी. ड्रायव्हर केसांनी पांढरा असो आणि कंडक्टर काल लागलेला पोरगा असो. पोराने एक घंटी दिली की गाडी थांबते, आणि दोन दिल्याखेरीज ती हलत नाही. त्या वेळी ड्रायव्हर मराठी की तेलंगी, कंडक्टर कोणत्या गावचा, कोणाची नोकरी किती वर्षांची, हे कोणी विचारत नाही. ड्रायव्हरला अपमानही वाटत नाही, कारण घंटी ही त्या पोराची नसते, नियमाची असते. ‘गो अराउंड’ हा शब्द असाच एक घंटीसारखा असायला हवा : उजव्या खुर्चीतून आला की डाव्या खुर्चीने वाद न घालता वर जावे, आणि उतरल्यावर कोणी कोणाला जाब विचारू नये. फेरा घातल्याने फार तर थोडे इंधन जळते आणि थोडा उशीर होतो.

राष्ट्रस्वभावाचा निकाल धोकादायक का, हे आता ध्यानात येईल. तो निकाल लागला की चौकशी थांबते. परदेशी कप्तान हेकट होता, असे म्हटले की आपल्या कप्तानांना शिकवण्याचे काम राहून जाते. आपला माणूस स्वभावतःच मुका, असे म्हटले की त्याच्या हाती घंटीची दोरी देण्याचे काम राहून जाते. एका निकालाने आपण गर्वाने स्वस्थ बसतो, दुसऱ्याने लाजेने; परिणाम एकच. मंगळूरनंतर कोळिकोडला जे घडले, त्यात या स्वस्थ बसण्याचा वाटा किती, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

शेवटी एक गोष्ट. कॉकपिटाचे दार बंद असते. तिथे आपण जाऊन काही करू शकत नाही. पण दुसरी खुर्ची आपल्या प्रत्येकाच्या शेजारीही असते. दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी परिचारिका असते, कचेरीत साहेबांच्या शेजारी कारकून, घरात वडिलांच्या शेजारी मुलगी. शस्त्रक्रियेपूर्वी परिचारिकेने यादी मोठ्याने वाचावी आणि काही चुकत असेल तर शल्यविशारदालाही थांबवावे, ही रीत आता वैद्यकाने विमानांकडूनच उचलली आहे. आपल्यापैकी जे डाव्या खुर्चीत बसले आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर येवढे तपासावे : आपल्या शेजारचे माणूस आपल्याला शेवटचे कधी म्हणाले होते, ‘तुम्ही चुकता आहात’? फार दिवसांत म्हणाले नसेल, तर आपण कधी चुकलोच नाही असा त्याचा अर्थ करू नये.